प्रतोदाची गावाकडची भावंडे

डिसेंबर लागला की नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दिलेला हा मान. मग सिव्हिल लाइन्सपासून मोर्चाच्या मांडवापर्यंत एक भारदस्त शब्द कानावर पडू लागतो : प्रतोद. कोणत्या पक्षाचा प्रतोद कोण, कोणाचा आदेश खरा. त्याच दिवसांत काटोल-मौद्याकडच्या रस्त्याला एखादी बैलबंडी दिसली, तर धुरकऱ्याच्या हातात तुतारी असते. प्रतोद आणि तुतारी एकाच घरातली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे. २०२४ पासून निवडणूक चिन्हामुळे 'तुतारी' म्हटले की सगळ्यांना वाजवणारा माणूसच आठवतो. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. चांगली वाळलेली, हाताला हलकी. टोकात खिळा ठोकायचा, डोके उडवायचे आणि उरलेले टोक दगडावर घासून अणकुचीदार करायचे. या टोकाला आर म्हणतात. जाणता माणूस आर खुपसत नाही, कातडीला नुसती लावतो. चार दिवसांत बैल असा तयार होतो की तुतारी उचलली तरी पाय उचलतो.

मराठीत टोचण्याला शब्दांचा तोटा नाही. सुई टोचते, लस टोचतात, सोनाराने कान टोचले की शहाणपण येते. गादीतला कापूस गोळा झाला की बोचतो, आणि जावेचे बोलणेही बोचते. खुपते ते डोळ्यांत, मग ते कुसळ असो की शेजाऱ्याची नवी गाडी. काटा पुण्याकडे रुततो, वऱ्हाडात रुपतो. सुरी खुपसतात, पोटात भोसकतात (हे क्रियापद आता बातमीदारांनीच जगवले आहे), सापाला डिवचतात, कातडीवर गोंदतात. एवढ्या गर्दीत संस्कृतातला मूळ धातू मात्र कुठे दिसत नाही. तो धातू तुद्. पाणिनीय परंपरेत हा इतका मानाचा की धातूंच्या सहाव्या गणाला त्याच्यावरूनच तुदादि म्हणतात. मराठीत 'तोदणे' नाही. पण क्रियापद मेले तरी त्याची नामे नांदताहेत. चंद्राला छळणारा राहू तो विधुंतुद. आणि रथाचे घोडे हाकायचा तो प्रतोद. भीष्मपर्वात कृष्ण दुसऱ्यांदा रथातून उडी टाकून भीष्मावर धावतो, तेव्हा त्याच्या हातात प्रतोदच असतो.

टोचणे हा शब्दही तुद् वरूनच आला, असे कोणी सांगेल. मोह मलाही होतो. पण त चा ट आणि द चा च, दोन्ही एकाच शब्दात घडवून आणायचे तर फार ओढाताण करावी लागते. टोचणे टोक-टोच-चोच यांच्या देशी गोतावळ्यातले. त्याला तिथेच राहू द्यावे.

तुतारीचे तसे नाही. तुद् पासून तोत्त्र, म्हणजे टोचून हाकायचे साधन. अमरकोशात प्राजन, तोदन, तोत्त्र हे तिन्ही शेजारी शेजारी बसले आहेत. पाली भाषेत त्याचे तुत्त झाले. हत्तीला टोचायच्या हत्याराला तो शब्द आहे. आता तुत्त ला आर जोडा. आर ही स्वतः वैदिक. ऋग्वेदात पूषन् देवाच्या हातात आरा आहे, आणि चांभाराची आरी तिचीच. आर लावलेले तुत्त, ती तुतारी. माझ्या मते एवढे सरळ आहे.

याला प्रतिवाद आहे, आणि तो सोपा आहे म्हणून लोकप्रिय आहे : काठी वाद्यासारखी लांब, म्हणून नाव तुतारी. मग मला सांगा, जिथे वाद्य घरोघर ठाऊक, त्या पश्चिम महाराष्ट्रात बैलाच्या काठीला तुतारी का म्हणत नाहीत? तिथे ती पराणी. उलट छत्तीसगढीतही बैलाची काठी तुतारीच आहे, आणि लग्नाच्या बाजात तिथे मोहरी वाजते. वाद्यावरून नाव पडायचे तर वाद्य गावात हवे. शिवाय वाद्य वाकडे, काठी सरळ.

शब्द छत्तीसगढातून इकडे आला की इकडून तिकडे गेला, यावर भांडायला वाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत तो मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पुढे १९५६ पर्यंत दोन्ही भाग एकाच प्रांतात. बैल, बंड्या आणि मजूर दोन्हीकडून ये-जा करत होते. मी छत्तीसगढाच्या बाजूने आहे, कारण तिथे या नावाला 'पराणी'सारखा प्रतिस्पर्धी नाही.

पराणीचाही वाद आहेच. ती प्राजनातून आली असे मानले तर अर्थ नीट जुळतो, कारण त्यातला अज् म्हणजे हाकणे. पण गुजरातीत याच काठीला परोणो म्हणतात. हा ओ प्राजनात कुठे आहे? प्रतोदनात आहे. मी पराणीला प्रतोदाच्या पदरात टाकतो. म्हणजे पूर्वेची तुतारी, पश्चिमेची पराणी आणि विधानभवनातला प्रतोद, सगळी तुद् ची लेकरे.

प्रतोद ज्याचे भाषांतर, तो इंग्रजी 'व्हिप' मात्र टोचत नाही. तो शिकारी कुत्र्यांना कळपात ठेवणारा चाबूकवाला. हिंदीने त्याला सचेतक केले, जागे करणारा. मराठीने मुद्दाम टोचणारा शब्द उचलला, आणि माझ्या मते तीच निवड खरी ठरली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापर्यंत प्रतोद नुसती काठी होता. दहाव्या अनुसूचीने त्याला आर बसवली : आदेश मोडून मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला प्रतोद कोणी नेमायचा हे ठरवून द्यावे लागले. उत्तर आले, राजकीय पक्षाने, आमदारांच्या गटाने नव्हे. हाकणारा कोण हे बैलांनी ठरवायचे नसते, हे गावात कोणीही सांगितले असते.

गावाकडच्या तुतारीची आर मात्र कायद्याने काढली. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत खिळ्याच्या काठीला मनाई आहे. पोळ्याला तर बैलावर काठी उगारायचीच नसते. पुढच्या पोळ्याला गावी गेलात तर गोठ्याच्या वळचणीला खोचलेली काठी हुडका आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तिचे नाव विचारा. तुतारी, पराणी की आणखी काही, ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा.