शर्यतीत न दिसणारी जात

माझ्या भाच्याच्या खोलीत भिंतीवर एका पिवळ्या मोटारीचं पोस्टर आहे. लॅम्बोर्गिनी. आमच्या किल्लारीच्या रस्त्यावर ती आली तर पहिल्याच खड्ड्यात पोट टेकेल. एका रविवारी टीव्हीवर मोटारींची शर्यत चालू होती. त्यानं विचारलं, "मामू, ही एवढी पळते म्हणतात, मग शर्यतीत का दिसत नाही?" मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. मोटारीतलं मला काय कळतं? पण प्रश्न डोक्यात बसला. उत्तर शोधायला इटलीला गेलो (पुस्तकांतूनच, अर्थात) आणि शेवटी पोचलो तो आमच्याच गोठ्यात.

लॅम्बोर्गिनी हे आधी ट्रॅक्टरचं नाव होतं. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा १९१६ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या टाकाऊ गाड्यांचे भाग जोडून त्यानं ट्रॅक्टर बनवले. पैसा आला, तशी फेरारी मोटार घेतली. तिच्या क्लचवरून त्याचं खुद्द एन्झो फेरारीशी वाजलं आणि "ट्रॅक्टरवाल्यानं मला मोटार शिकवू नये" असं ऐकून घ्यावं लागलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण १९६३ साली त्यानं स्वतःचा मोटार कारखाना काढला. चिन्ह घेतलं बैलाचं. १९६६ ची त्याची गाजलेली गाडी 'मिउरा', तीही स्पेनमधल्या झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या घराण्याच्या नावाची.

एन्झो फेरारी हा मुळात शर्यतीचा माणूस. १९२९ पासून त्याचा शर्यतीचा चमू होता. रस्त्यावरच्या गाड्या तो विकायचा त्या शर्यतीचा खर्च निघावा म्हणून. लॅम्बोर्गिनीचा हिशोब उलटा होता. शर्यत म्हणजे पैशाची नासाडी, आपण गिऱ्हाइकासाठी उत्तम गाडी बनवायची, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. त्याच्याकडचा तरुण अभियंता दल्लारा याला शर्यतीची ओढ होती. तो सोडून गेला आणि पुढं शर्यतीच्या गाड्या बनवण्यात त्यानं मोठं नाव काढलं.

दुसरं कारण नियमांचं. अनेक शर्यतींत उतरायचं तर ठराविक संख्येनं तशाच गाड्या बनवून दाखवाव्या लागतात. एकच गाडी ठोकून आणली, असं चालत नाही. १९६९ साली पोर्श कंपनीनं ९१७ नावाच्या पंचवीस गाड्या ओळीनं उभ्या करून तपासनिसांना मोजायला लावल्या, तेव्हा परवानगी मिळाली. सगळ्यांना हे जमत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची एम-वन ही गाडी तर शर्यतीसाठीच जन्माला घातलेली. चारशे गाड्या बनवायच्या होत्या आणि ते काम दिलं होतं लॅम्बोर्गिनीला. तोवर फेरुच्चोनं कारखाना विकलेला, नव्या मालकांची तिजोरी रिकामी. काम काढून घ्यावं लागलं आणि गाड्या वेळेत झाल्या नाहीत. मग कंपनीनं १९७९ आणि १९८० साली फक्त एम-वनचीच वेगळी स्पर्धा भरवली. लग्नाला उशिरा पोचलेल्या वऱ्हाडानं आपलाच मांडव घालावा, तसं.

शिवाय दुकानातली गाडी आणि शर्यतीची गाडी यांचं अंगच वेगळं. कातडी आसनं, काचा, वातानुकूलन हे सगळं शर्यतीत ओझं. तासन्‌तास पूर्ण जोरात पळायचं तर इंजिन थंड राहिलं पाहिजे, ब्रेक टिकले पाहिजेत. पुढं नव्या मालकांच्या काळात लॅम्बोर्गिनी शर्यतीत आली, २०१८ साली अमेरिकेत डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकलीही. पण त्या गाडीचं निम्मं सामान काढलेलं. रस्त्यावरच्या गाडीत इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळायचा, शर्यतीतल्या गाडीत फक्त मागच्या दोन चाकांना.

आपल्याकडंही तेच. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी गाडी निघाली होती. मुंबईच्या छाब्रियांची 'अवंती' २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. पण आपल्या शर्यतींच्या मैदानावर नाव झालं ते मारुती एस्टीमसारख्या साध्या गाड्यांचं. सुटे भाग कुठंही मिळतात, दुरुस्ती स्वस्त.

इथपर्यंत भाच्याला सांगितलं आणि मला आमचे बैल आठवले.

लातूर जिल्ह्याची स्वतःची जात आहे, देवणी. तिच्यात तीन तऱ्हा: पांढराशुभ्र बालंक्या, अंगानं पांढरा पण तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी. दोन्ही जातींची देशाच्या यादीत नोंद आहे. पण विदर्भातल्या शंकरपटात जा, नाहीतर आंबेगाव-जुन्नरच्या घाटात, जिथं बारी सेकंदांत मोजतात. तिथं बोलबाला खिल्लारचा. सातारा-सांगली-सोलापूरकडचा हलक्या अंगाचा, तापट बैल. देवणी तिथं क्वचितच. तो अंगानं भरलेला, स्वभावानं शांत, आणि गाय दुधाला बरी.

सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात परत परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. शर्यतींमुळं देशी गोवंश टिकतो, असं या काळात सारखं म्हटलं जायचं. मला ते अर्धंच पटतं. शर्यतीनं किंमत चढते ती शर्यतीच्या बैलाची. खिल्लारच्या खोंडाला लाखांची बोली लागते, तेव्हा आमच्या देवणीला कोण विचारतं? औत ट्रॅक्टरनं नेलं, शर्यत त्याची कधीच नव्हती. आता त्याला राखायचं असेल तर गाईच्या दुधाच्या जोरावरच.

आमच्या अब्बांकडं वानेऱ्याची जोडी होती. कारखान्याला ऊस वाहायची. लहानपणी मी एकदा रिकामी गाडी पळवायला बघितली. जोडी चार पावलं धावली आणि पुन्हा आपल्या चालीवर आली. अब्बा म्हणाले, "ये दौडने का नै रे, चलने का बैल है."

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. जोडी त्या रात्री शेतात लिंबाखाली बांधलेली होती म्हणून वाचली. गावातली दगडमातीची घरं माणसांवर बसली होती. अब्बांनी गाडी जुंपली. गल्ल्या उरल्या नव्हत्या. ढिगाऱ्यांच्या मधून वाट काढायची, खाली कुणी असेल म्हणून जपून. आधी जखमी नेले, नंतर मयत. काही गाड्या चितेकडं, काही कबरस्तानाकडं. वर पाऊस, भोवती रडणं, जमिनीला मधूनच पुन्हा कंप. जोडी एकदाही बुजली नाही. तापट बैल असते तर गाडी उधळली असती, असं अब्बा पुढं कितीतरी वर्षं सांगत. नव्या किल्लारीत राहायला गेल्यावर गोठ्याला जागा कमी पडली. एक बैल म्हातारा होऊन मेला, दुसरा त्यांनी विकला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी भाच्याला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात घेऊन गेलो. एक वानेरा उभा होता, अगदी आमच्यासारखा. भाच्यानं त्याच्या वशिंडावर हात ठेवून मालकाला विचारलं, "काका, हा किती पळतो?"

मालक हसला. "पळवायचा असंल तर सोलापूरकडं जा बाळा. हा दिवसभर चालतो, ते बघायचं असंल तर उद्या शेतावर ये."