पोरांना शिकारीला नेणारी दोन घरं

सुट्टीत घरातली तीन पोरं घेऊन कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघायला गेलो होतो. एक सहा वर्षांची, एक दहाचा आणि एक सोळाचा. पेंढा भरलेल्या वाघासमोर धाकटी थांबली. "काका, याला कुणी मारलं?" मधल्यानं विचारलं, "राजाची पोरंपण जायची का शिकारीला?" थोरला काहीच बोलला नाही. त्यानं मोबाईल पुढं केला. आपल्याच भागातला व्हिडिओ. रात्रीची वेळ, जीपचा फोकस, चार कुत्री आणि पुढं पळणारा ससा. मागच्या सीटवर आठ-नऊ वर्षांचं पोरगं टाळ्या वाजवतंय. वर लिहिलेलं, 'आमची परंपरा'.

परंपरेचा विषय निघालाच आहे तर जरा नीट बोलू.

राजघराण्यांत शिकार ही घराची सहल होती, हे खरं आहे. शिकारखान्याची माणसं आधी रानात जायची, माग काढायची, पाणवठे बघायची. मग तळ पडायचा. तंबू, आचारी, घोडी, हाकेकरी, सगळा संसार रानात. पोरांना वयाप्रमाणं काम. लहानगी तळावर आयाबायांसोबत. जरा मोठी झाली की पाखरांवर हलकी बंदूक. त्यानंतर मोठ्यांच्या शेजारी मचाणावर, तेही गप्प बसता येत असेल तर. मुलीही यात असायच्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी माहेरच्या कूचबिहारच्या. आई इंदिराराजे म्हणजे आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. गायत्रीदेवींनी पहिला बिबट्या मारला तेव्हा त्यांचं वय होतं १२.

कोल्हापूरची खासियत चित्त्याची. इथं माणसाळवलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवर बसवायचं, कळपाच्या शक्य तेवढं जवळ न्यायचं आणि मग टोपी काढायची. पुढचा खेळ काही क्षणांचा. धरलं तर धरलं, नाही तर चित्ता दमून बसायचा. भारतातले चित्ते कमी होत गेले तसे आफ्रिकेतून आणले. १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. संपवण्यात शिकारीचा वाटा होता, हे पोरांना सांगताना लपवायचं कारण नाही.

आता याच घराण्यातली एक गोष्ट. राजर्षी शाहू महाराज स्वतः मोठे शिकारी. घोड्यावर बसून भाल्यानं रानडुक्कर मारायचं, यात त्यांचा हातखंडा. पोरंही त्याच तालमीत वाढलेली. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा जन्म १८९९ चा. जून १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत अपघात झाला आणि ते गेले. लग्नाला वर्ष होत होतं. मागं राहिलेल्या इंदुमतीदेवींचा जन्म १९०६ चा, म्हणजे नवरा गेला तेव्हा वय जेमतेम ११. महाराजांनी या सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. त्यांच्या शिक्षणाची गोष्ट कोल्हापूरला पाठ आहे. पण ती सुरू कुठून झाली, हे आपण विसरतो. ती शिकारीच्या एका फेरीतून सुरू झाली. सगळी तयारी, सगळी माणसं, पिढ्यांची तालीम असूनही पोरगं घरी परत आलं नाही. जीपच्या मागच्या सीटवर पोराला बसवणाऱ्या बापानं एवढी एकच गोष्ट वाचली तरी पुरे.

मधल्याला हे सांगत होतो, तर तो म्हणाला, "मग गरीब लोक शिकारीला जायचे नाहीत?"

जायचे की. दुसरं घर तेच.

फासेपारध्यांची शिकार ही पण घराचीच होती. त्यात सहल नव्हती, पोट होतं. बिऱ्हाड गाईच्या पाठीवर लादून माळामाळानं फिरायचं. फासे वळायचे, हरणाच्या वाटेवर मांडायचे. गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं सावजाजवळ सरकायचं. तित्तिराला फसवायला पाळीव तित्तिर बोलता ठेवायचा. पोरं हे सगळं बघत मोठी व्हायची. कुठल्या पाखराचा आवाज कसा काढायचा, वाळक्या मातीत खूर कसा ओळखायचा, हे त्यांना चालता-बोलता यायचं. मचाण नाही, तंबू नाही. पण वयाप्रमाणं काम इथंही होतंच.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या शिकारीवर काम केलं, ते मुळातून बघण्यासारखं आहे. एकाच मुलखात तीन जमाती शिकार करायच्या, पण एकमेकांच्या आड यायच्या नाहीत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर धरायचे. वैदू सापळ्यात लहान मांसभक्षक प्राणी पकडायचे. काळवीट आणि पाखरं फासेपारध्यांची. आणि फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर पारधी तिला सोडून द्यायचे. उद्या पोरांनाही खायचंय, हा त्यामागचा सरळ हिशेब.

या दोन घरांचं सरकारदरबारी काय झालं ते बघा.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढं तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्याचं पोर जन्मतःच संशयित. रोजची हजेरी, वस्तीला तारेचं कुंपण. शाहू महाराजांनी मात्र आपल्या संस्थानात जातीवरून हजेरी घ्यायची पद्धत १९१८ मध्ये बंद केली. पोटचं पोर गेलं तेच हे साल. शिकारीच्या वाटेवर भेटलेल्या फासेपारध्यांना महाराजांनी आसरा दिला, नोकरीत घेतलं, हे कोल्हापुरात आजही सांगतात. एका शिकाऱ्यानं दुसऱ्या शिकाऱ्याचं कसब ओळखलं, असं मला त्यात दिसतं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला. शिक्का गेला नाही.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. तो हवाच होता, यात वाद नाही. नाहीतर आज माळावर काळवीट दिसला नसता. पण त्यातली एक गोम ध्यानात घ्या. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीचा परवाना मिळायची सोय होती. ज्याच्याकडं बंदूक, पैसा आणि ओळख, त्याला ती वाट उघडी. फासे, जाळी आणि सापळे मात्र प्राणी पकडायचा वेगळा परवाना नसेल तर बंद. परवान्याची ही शिकार कायद्यातून गेली थेट १९९१ च्या दुरुस्तीनं. म्हणजे जवळपास वीस वर्षं बंदुकीला दार किलकिलं होतं आणि फाशाला कुलूप.

एका घराच्या शिकारीचं संग्रहालय झालं. तिकीट काढून आपण बघतो. दुसऱ्या घराच्या शिकारीचा पंचनामा झाला. माझ्या पत्रकारितेतली कितीतरी वर्षं पोलीस ठाण्याच्या बातम्या लिहिण्यात गेली. चोरी कुठंही झाली तरी पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि कबूल करतो, तशा बातम्या मीही काहीही न विचारता छापल्यात.

आता थोरल्याच्या व्हिडिओकडं येतो. जीप, फोकस, रात्र. ही परंपरा कुणाची? राजाची नाही आणि पारध्याचीही नाही. १९७२ च्या मूळ कायद्यात तर परवाना असलेल्यालाही गाडीतून किंवा उजेडाचा झोत टाकून शिकार करायला मनाई होती. ज्यात सावजाला पळायची संधीच नाही, ती शिकार जुन्या शिकाऱ्यांनाही कमीपणाची वाटायची. आज ससा मारणं हा गुन्हा आहे. नुसता पाठलाग करणं, पकडायचा प्रयत्न करणं हेही कायद्यानं शिकारच. पोराला सोबत नेलं म्हणून गुन्हा हलका होत नाही.

कुणी म्हणेल, डुकरं पिकं खातात त्याचं काय? दुखणं खरं आहे. त्याला वनखात्याच्या परवानगीचा रस्ता आहे. तो किती खडबडीत आहे यावर वेगळं लिहीन. पण ससा कुणाचं पीक खातो म्हणून त्याच्यामागं जीप लागत नाही. उगाच शेतकऱ्याच्या नावावर खपवू नका.

पोरांना रानात न्यायचंच ना? जरूर न्या. दाजीपूर आहे. संस्थानी शिकारीचं हे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. धाकट्यांना खुराचे ठसे दाखवा, मधल्यांना पाणवठ्यावर अर्धा तास गप्प बसवा, थोरल्यांना वाऱ्याची दिशा ओळखायला सांगा. शिकारीतलं खरं शिक्षण एवढंच होतं, आणि त्याला बंदूक लागत नाही.

आणि दाखवायला माणूस कोण? मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना पायी रान दाखवतात. आपल्याकडं अकोला-वाशिम भागात फासेपारध्यांनी माळरान आणि पाखरं राखायचं काम हाती घेतलंय. मग आपल्या अभयारण्यांत, आपल्या माळांवर गाईड नेमताना पारध्याच्या पोराचं नाव यादीत का नसावं? आमदार, जिल्हा परिषद सदस्य, वनखात्याचे साहेब, बरेच जण ही पोस्ट वाचतात. उत्तराची वाट बघतोय.

धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं. "याला कुणी मारलं?" मी म्हटलं, "राजानं." ती म्हणाली, "मग पोलिसांनी राजाला धरलं?"

तुमच्या घरात शिकारीच्या जुन्या आठवणी असतील तर खाली लिहा. पालावरच्या असतील तर आधी लिहा.