आच, मात्रा आणि तंजावर

तंजावरात घर उबदार ठेवण्यासाठी कोणी यंत्र बसवीत नाही. कावेरीच्या त्या सपाट, भातशेतीच्या मुलखात पौष-माघातही एखादी शाल पांघरली की थंडीची व्यवस्था झाली. तेथील माणसाचे आयुष्य उष्णता मिळविण्यात न जाता उष्णतेपासून बचाव करण्यात जाते. तेव्हा घर तापविणाऱ्या बंबाला उष्णतानियामक यंत्र, म्हणजेच थर्मोस्टॅट, कसे जोडावे या विषयावर बोलताना तंजावरचे नाव निघावे, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण या यंत्राच्या इतिहासाचे आरंभीचे पर्व आणि तंजावरच्या मराठी दरबाराचे शेवटचे तेजस्वी पर्व ही समकालीन आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : आच किती असावी, आणि ते ठरवावे कोणी?

दुसरे सरफोजीराजे १७७७ साली जन्मले. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, इंग्रज कंपनीशी तह होऊन राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग, ठरलेली रक्कम आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सत्ता गेली, वेळ आणि पैसा मात्र राहिला. अशा स्थितीत अनेक संस्थानिकांनी जे केले ते सरफोजीराजांनी केले नाही. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, धन्वंतरी महाल उभा केला, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापाच्या कथांचा ‘बालबोधमुक्तावली’ हा मराठी अनुवाद तेथे छापविला.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा या राजाच्या तोंडी लावोझिए, फूर्क्रुआ, लिनीयस आणि ब्यूफाँ ही नावे सहज येतात हे पाहून ते चकित झाले. यांपैकी लावोझिए हे नाव आपल्या विषयाशी फार जवळचे आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात लावोझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचे एक भांडे तयार केले. आत ठेवलेली वस्तू जितकी उष्णता टाकील तितका बर्फ वितळे, आणि वितळलेले पाणी तोलून ती उष्णता मोजता येई. पारा घातलेला उष्णतामापक फारेनहाइटने १७१४च्या सुमारास सिद्ध केलाच होता. पण वस्तू किती ऊन आहे हे कळणे वेगळे आणि तिने किती उष्णता दिली हे कळणे वेगळे. हा भेद लावोझिएच्या भांड्याने डोळ्यांना दाखविला. उष्णता हे एक सूक्ष्म द्रव्य आहे असे तो मानी. ते मत पुढे टिकले नाही. १७९८ मध्ये, म्हणजे सरफोजीराजे गादीवर आले त्याच वर्षी, रम्फर्डने तोफांना भोक पाडताना घर्षणाने अमर्याद उष्णता निघते असे दाखवून त्या मताला धक्का दिला. मत गेले, मोजण्याची रीत राहिली.

मोजणे साधल्यावर पुढची पायरी होती नियमनाची. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने इंग्लंडात अंडी उबविण्याची पेटी केली होती. तीत मद्यार्क तापून फुगला की पाऱ्याला ढकली आणि भट्टीची झडप मिटे. १७७७च्या सुमारास फ्रान्समध्ये बॉनमँ याने याहून पुढची मजल गाठली. त्याने पिल्ले उबविण्याच्या खोलीत नळ्यांतून ऊन पाणी फिरविले आणि बंबात दोन वेगळ्या धातूंची कांडी बसविली. दोन्ही धातू तापल्यावर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. त्या फरकाने एक तरफ हले व विस्तवाकडे जाणारी हवा कमीजास्त होई. आजच्या घरगुती बंबाचा आणि त्याच्या नियामकाचा हा खरा पूर्वज. या यंत्राला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव स्कॉटिश रसायनज्ञ अँड्रयू यूर याने १८३० मध्ये दिले. त्यानंतर दोन वर्षांनी सरफोजीराजे वारले.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना ही करामत समजण्यास कठीण नाही. न्हाणीघरातील तांब्याचा बंब ज्यांनी पेटविला आहे त्यांना ठाऊक आहे की, खालची राख काढली की वारा लागून निखारे फुलतात आणि राख साचू दिली की आच मंदावते. पाण्यात बोट घालून पाहणारी घरातील बाई हीच त्या बंबाची नियामक होती. अमेरिकेतील शाळांतही १८८०च्या सुमारास हेच चाले. शिपायाने वर्गात येऊन उष्णतामापक पाहावा आणि तळघरात जाऊन झडप उघडावी किंवा लावावी. विस्कॉन्सिनमधील वॉरन जॉन्सन या अध्यापकाने १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या उष्णतादर्शकाचे पेटंट घेऊन ही येरझार कमी केली. १८८५ मध्ये अल्बर्ट बुट्झ याने मिनियापोलिस येथे पुढचे पाऊल टाकले. खोली ठरल्याहून गार झाली की विजेचे मंडल पुरे होई, एक छोटी मोटर फिरे आणि साखळी झडप उचली.

आजही या जोडणीचे मर्म तेच आहे. थर्मोस्टॅट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तो केवळ एक चावी आहे. अमेरिकन घरांत बहुधा २४ व्होल्टचा सौम्य प्रवाह रोहित्रातून एका तारेने, रूढीप्रमाणे तांबड्या, त्याच्यापर्यंत येतो. खोली गार झाली की तो ही तार पांढऱ्या तारेशी जोडतो आणि बंबाला पेटण्याची आज्ञा पोहोचते. ऊब पुरेशी झाली की जोड तुटतो. नव्या ‘स्मार्ट’ यंत्रांना स्वतःचा पडदा आणि बिनतारी संपर्क जागा ठेवण्यासाठी अखंड वीज लागते. म्हणून बहुधा परतीची एक सामायिक तार अधिक जोडावी लागते. जुन्या घरांच्या भिंतीत ती नसते आणि तेथेच घरमालक अडतो. ब्रिटनमध्ये मात्र पुष्कळ बंबांची ही चावी घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालते. एका देशाचे यंत्र दुसऱ्या देशातील बंबाला डोळे मिटून जोडले तर यंत्र जळते; माणसाच्या जिवालाही धोका होतो. थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मुख्य वीज बंद करून, बंबाचा नकाशा पाहून, जाणत्या कारागिराच्या हातून हे काम करवावे हे बरे.

आता पुन्हा तंजावरकडे वळू. आच मोजण्याची विद्या आपल्याकडे नव्हतीच असे कोणी समजू नये. रसशास्त्रात भस्मे करताना अग्नीची मात्रा पुटांनी ठरवीत : महापुट, गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट. खड्ड्याचे माप आणि रानगोवऱ्यांची संख्या नेमून दिलेली असे. कपोतपुटाला आठ गोवऱ्या पुरत. काढ्याला मृदु, मध्यम की तीव्र अग्नी, हेही सांगितलेले असे. पाऱ्याची नळी हाती नसताना इंधन मोजून उष्णता आवरण्याची ही रीत मोठ्या बुद्धीची होती. धन्वंतरी महालात वैद्यांचे अनुभव गोळा होऊन ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळमध्ये जे ग्रंथ तयार झाले, त्यांच्यामागे हीच वृत्ती होती : हाताला ठाऊक असलेले कागदावर यावे, म्हणजे हात गेला तरी विद्या जाऊ नये.

ड्रेबेलपासून यूरपर्यंतच्या मंडळींनी हेच ज्ञान लोखंड आणि शिसे यांच्या हाती दिले; तंजावरच्या वैद्यांनी ते ग्रंथांच्या हाती दिले. दोहोंत एक मोठा फरक आहे. धातूची कांडी तापली की आपोआप वाढते. तिला वाचक लागत नाही. ग्रंथाला मात्र प्रत्येक पिढीत वाचणारा लागतो. सरस्वती महालात ४०,०००हून अधिक हस्तलिखिते आहेत. उष्ण, दमट हवेत ताडपत्र आणि कागद दोन्ही झिजतात, म्हणून त्यांची निगा अखंड राखावी लागते. दरबारच्या मोडी कागदांचे रुमालही शिल्लक आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांची भाषा मराठी, ज्यांच्या पणजोबांची लिपी मोडी, त्यांच्यात ती वाचणारे किती उरले आहेत?

हवा नियंत्रित करून कागद टिकविता येतील. यंत्राला अंक सांगितला की ते तो पाळील. मात्र तो अंक कोणता असावा हे यंत्र सांगत नाही, आणि ग्रंथ कशासाठी राखावा हेही कोठडीची हवा सांगत नाही. ज्याच्या हातून राज्याचा कारभार गेला त्या राजाने, उरलेल्या अधिकारात काय जपावे हे स्वतः ठरविले, आणि ज्याला जपले ते दोन शतके टिकले. आता तंजावरचा तो मोडी रुमाल सोडून वाचणे हे काम मराठी माणसाकडे आहे. त्यासाठी मोडीची बाराखडी आधी शिकावी लागेल, आणि ती शिकण्यास काही थोडे महिने पुरतात.