रोमन मळ्यांतील लेट्यूस

रोमचा इतिहास म्हटला म्हणजे सीझरच्या मोहिमा, सीनेटांतील व्याख्यानें आणि बादशहांचे खून, एवढेंच आम्हां पदवीधरांस आठवतें. रोमन लोकांच्या परसांत काय पिकत होतें हा प्रश्न परीक्षेंत येत नाहीं. आणि जें परीक्षेंत येत नाहीं त्याकडे पाहण्याची संवय आम्हांस लागलेली नाहीं. तथापि लोकांचें शहाणपण त्यांच्या भाजीच्या वाफ्यांतही सांपडतें. म्हणून लेट्यूस या कच्च्याच खाण्याच्या पालेभाजीची थोडी हकीकत येथें देत आहों.

हिचा देंठ मोडला असतां दुधासारखा चीक निघतो. लॅटिन भाषेंत दुधास ‘लाक’ म्हणतात. त्यावरून हिचें नांव ‘लाक्टूका’ पडलें. रोमच्या उदयापूर्वीं कित्येक शतकें ही मिसर देशांत पिकत असे. तेथील मीन देवाच्या कोरीव चित्रांत ती त्याच्या शेजारीं उभी दिसते. पुढें बादशहा ऑगस्टस दुखणाईत पडला असतां, पहिल्या वैद्यानें वर्ज्य केलेली ही भाजी अँटोनियस म्यूसा या वैद्यानें त्यास खावयास दिली व तो बरा झाला, अशी समजूत प्लिनीनें नमूद केली आहे. गुण भाजीचा किती व दैवाचा किती, हा वाद आम्ही वैद्यांवर सोंपवितों. परंतु तिचा लौकिक असा वाढला कीं, हंगाम नसतांही ती मिळावी म्हणून शिरका व मध यांत ती मुरवून ठेवण्याची युक्ति निघाली.

तिचा खरा जाणकार मात्र कोलुमेला. हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला, स्पेनांतील गादेसचा, म्हणजे हल्लींच्या कादिझचा, राहणारा. त्यानें शेतीवर बारा पुस्तकें लिहिलीं. व्हर्जिलानें आपल्या कृषिकाव्यांत बागेचा विषय पुढील कवींसाठीं सोडला होता, म्हणून यानें दहावें पुस्तक पद्यांत रचलें. त्यांत लेट्यूसच्या जाती सांगून तो थांबत नाहीं. प्रत्येक जातीचा महिना सांगतो. हिरव्या व जांभळट पानांची केकिलियन जानेवारींत, फिकट रंगाची कापडोकियन फेब्रुवारींत, आपल्या जन्मगांवची पांढरी मार्चांत आणि तांबूस छटेची सायप्रसची एप्रिलांत. रोप उंच न वाढतां पसरावें म्हणून त्याच्या मध्यावर खापराचा लहान तुकडा ठेवावा, असेंही तो अन्यत्र सांगतो.

यांतील मर्म आज सर्वांस कळण्याजोगें आहे. फार उष्म्यांत या भाजीचें बीं निजून राहतें; आणि दिवस लांबून ऊन तापूं लागलें कीं रोप दांडा टाकून फुलावर येतें व पानें कडू होतात. कोणती जात किती ऊन सोसते, हें म्हणूनच पाहावें लागतें. कोलुमेलापाशीं उष्णतामापक नव्हता. त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

हाच कोलुमेला आपल्या ग्रंथाच्या आरंभीं तक्रार करतो कीं, वक्तृत्व, भूमिति व संगीत शिकविणारे गुरु आहेत, पण शेतीला ना गुरु ना शिष्य. हें वाचतांना आम्हांस आमचें कॉलेज आठवलें, आणि आमची स्वतःची फजितीही. वर्गांत हा ग्रंथ वाखाणून आम्ही उत्साहानें पुण्यांतील आमच्या परसांत मार्चांतच बीं पेरलें! बहुतेक उगवलेंच नाहीं. जीं चार रोपें आलीं तीं वीतभर वाढण्यापूर्वींच फुलावर गेलीं. शेजारच्या मळ्यांतील म्हाताऱ्या माळीबुवांनीं वाफा पाहिला आणि ते एवढेंच म्हणाले, “रावसाहेब, थंडी पडूं द्या, मग पेरा.” कार्तिकांत पेरलें, आणि पौषांत घरांतील मुलांनीं तीं कोंवळी पानें मीठ-लिंबू लावून खाल्लीं.

माळीबुवांस लॅटिन येत नव्हतें, अक्षरओळखही नव्हती. तरी कोलुमेलाचा खरा शिष्य त्या दिवशीं तेच ठरले. आम्ही ग्रंथांतला महिना उचलला. त्यांनीं ग्रंथकर्त्याप्रमाणें आभाळाकडे पाहिलें. परदेशच्या विद्येंतून काय घ्यावें आणि काय तिच्या मातींतच राहूं द्यावें, हा धडा तीस वर्षें शिकवूनही आम्हांस एका वाफ्यापाशीं शिकावा लागला. तो कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.