मांड, जागर आणि देवस्थानच्या जुन्या वह्या

इ. स. १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनच्या न्यायासनाने एक विस्तृत आज्ञापत्र जाहीर केले. ख्रिस्ती धर्मात गेलेल्या एतद्देशीयांनी पूर्वापार चालत आलेल्या कोणत्या चालीरीती टाकाव्यात, याची ती यादीच होती. लग्नप्रसंगी ओव्या म्हणू नयेत, हळद लावू नये, विडे व फुले वाटू नयेत, बिनमिठाचा भात शिजवू नये, दारी तुळस ठेवू नये, पुरुषांनी पुडवे नेसू नये व स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी कलमामागून कलमे तीत आढळतात. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळे हे आज्ञापत्र सामान्य वाचकांच्या दृष्टीस पडले. धर्मांतरास दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही ओव्यांवर बंदी घालावी लागली, यातच ओव्यांचे चिवटपण दिसून येते. शिवाय ज्या लेखणीने हे आचार पुसून टाकावयाचे योजिले, तिनेच त्यांची तपशीलवार नोंद करून ठेवली. गोमंतकीय लोकजीवनाच्या अभ्यासकास इतके जुने व इतके बारीक टिपण अन्यत्र क्वचितच मिळेल!

तत्पूर्वी, सोळाव्या शतकात, तिसवाडी, बार्देश व साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा महाजनांनी आपापली दैवते नदीपार हलविली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश व केळशीची श्रीशांतादुर्गा अंत्रुज महालात आली ती याच काळात. देवाबरोबर पालखी, चौघडा, कीर्तन, जत्रा ही सारी नव्या स्थळी गेली व तेथे नांदली. मांडाचे मात्र तसे नव्हे. मांड म्हणजे गावातील ठराविक पवित्र जागा. ती त्या भूमीशीच बांधलेली, उचलून नेता न येणारी. पौष महिन्यातील रात्री स्त्रिया समोरासमोर दोन रांगा करून याच मांडावर धालो खेळतात. तेथे पुरुषांस स्थान नसते. गावडा समाजातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, तरी त्यांची गाणी व नाच टिकून राहिले. १९२८ साली विनायक महाराज मसूरकर यांच्या पुढाकाराने त्यांतील अनेक जण हिंदू धर्मात परतले, तेव्हा गाणी नव्याने शिकण्याची गरज पडली नाही. शिवोलीचा जागर तर आजही नाताळानंतर हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे मिळून करतात.

या कलांत भाग घेण्याचा अधिकार पूर्वी जन्माने मिळत असे. पेरणी जागर पेरणी कुटुंबांनीच करावयाचा, देवळातील गायन-नर्तन कलावंत घराण्यांनी, वाजप वाजंत्र्यांनी. त्या व्यवस्थेत कलेचे जतन झाले हे खरे. परंतु कलावंत स्त्रियांना त्यासाठी काय सोसावे लागले, हे स्मरणिकांतून सहसा लिहिले जात नाही. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या कीर्तीचे सोहळे करताना ही दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे.

मुक्तीनंतर, १९७० साली कला अकादमी स्थापन झाली आणि भजनस्पर्धांनी गावोगावच्या तरुणांना पेटीपखवाजाकडे वळविले. लोकोत्सवात शहरी प्रेक्षकांस धालो, फुगडी, घोडेमोडणी पाहावयास मिळते. रात्र-रात्र चालणारा खेळ रंगमंचावर थोड्या मिनिटांत उरकावा लागतो, हा त्यातील तोटा. ज्यास अभ्यास करावयाचा आहे त्याने मांडावरच जावे. धालोच्या बाबतीत तर हे काम घरातील मुलीच करू शकतात. आजीला येणाऱ्या ओव्या नातीने वहीत उतरवून घेतल्या, तरी तो लोकविद्येचा अभ्यासच होय.

दुसरे साधन देवस्थानच्या कपाटातच आहे. १८८६ साली पोर्तुगीज सरकारने माझानींचे नियम लागू केले. १९३३ मध्ये त्यांत सुधारणा झाली. या नियमांन्वये अंदाजपत्रक व जमाखर्च सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवावा लागे. वाजंत्र्यास काय दिले, दशावतारी काल्याला किती तेल जळाले, कोणत्या साली कोणते नाटक उभे राहिले, अशा गोष्टींचा माग खर्चाच्या खात्यांतूनच लागू शकतो. जुन्या वह्या मोडीत असतील, नंतरच्या पोर्तुगीजमध्ये. दोन्ही वाचणारे आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या हाताखाली दोन तरुण बसविले, तर निदान वह्यांची पहिली यादी एका पावसाळ्यात तयार होईल.