बार्शी, परांडा, भूम : लवकर निदानाचा पुरावा

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या २ एप्रिल २००९ च्या अंकात ग्रामीण भारतातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक शोधनिबंध आहे. त्यातले पहिले दोन आकडे वाचताना कोणीही अडखळेल. ज्या स्त्रियांची एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या, विषाणूसाठी तपासणी ठरली होती, त्यांच्या गटात १२७ जणींना कर्करोग निघाला. ज्या गटाला नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले होते, त्या गटात ११८ जणींना. दोन्ही गटांच्या आकारात थोडा फरक आहे. पण तपासणीने कर्करोग कमी झाला असे हे आकडे म्हणत नाहीत.

उत्तर त्याच वाक्यात, कंसात आहे. १२७ पैकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातल्या रुग्ण ३९ होत्या. ११८ पैकी ८२. भागाकार केला तर पहिल्या गटात साधारण ३१ टक्के स्त्रियांचा रोग वाढलेला होता, दुसऱ्यात जवळजवळ ७० टक्के. मृत्यू ३४ आणि ६४. रोग दोन्हीकडे सापडला, पण एकीकडे वेळेत सापडला.

हा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये झाला. लेखकांच्या यादीत रेंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आणि कस्तुरी जयंत ही नावे आहेत. संस्था तीन : फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. पहिल्या दोन संस्था जगाला ठाऊक आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले रुग्णालय त्यांच्या रांगेत कसे आले, हे समजायला २००९ पासून मागे जावे लागते.

त्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा १९८७ चा आहे. भारतात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस उभा राहिला आणि मुंबई, बंगळुरू, मद्रास या शहरांचे आकडे मिळू लागले. मात्र देशातले बहुसंख्य लोक तेव्हा खेड्यांत राहत होते. परिषदेने १९८७ मध्ये बार्शीला, याच रुग्णालयात, ग्रामीण नोंदणी सुरू केली, ती देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती.

शहरात नोंदणीचा कर्मचारी रुग्णालयात जातो, केसपेपर उघडतो आणि नोंद उतरवून घेतो. गावात केसपेपरच नसतो. जी बाई कधी डॉक्टरकडे गेलीच नाही, तिचा आजार कोणत्याही रजिस्टरात येत नाही. तिचा मृत्यूही ‘आजारपणाने’ एवढाच नोंदला जातो. अशा भागात कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले, तर रोग कमी आहे की शोध कमी घेतला आहे, हे कागदावरून सांगता येणार नाही. बार्शीच्या नोंदणीने हा पेच ओळखून कामाची पद्धत बदलली. कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव जात. लोकांना लक्षणे समजावून सांगत, कोणाला तशी लक्षणे आहेत का याची चौकशी करत आणि असतील तर तपासणीला येण्याचा आग्रह धरत. बाहेरच्या मोठ्या रुग्णालयांतल्या नोंदीही आणून जुळवल्या जात. मोजणी आणि शोध इथे एकाच माणसाच्या हाती होते.

नोंदणीशास्त्राच्या कडक नियमांनुसार यात एक अडचण आहे. मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत हात घालू नये. बार्शीत तो घातला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच सर्वांत फलदायी घटना आहे.

पुढचा दस्तऐवज त्याची साक्ष देतो. १९९५ मध्ये कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये बार्शीचे निरीक्षण मांडले. नोंदणीच्या क्षेत्रात जागृती वाढली तसे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान आधीच्या टप्प्यांत होऊ लागले, हा त्याचा गाभा. या काळात सर्व स्त्रियांची सरसकट तपासणी कोणी केली नव्हती. लक्षणे ठाऊक झाली होती आणि कुठे जायचे हेही ठाऊक झाले होते.

या पुराव्याचे वजन किती धरायचे? तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. त्याच वर्षांत रस्ते, एसटी, शिक्षण, दवाखाने यांतही बदल होत होते, आणि त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. म्हणून निदान लवकर होऊ लागले हे पक्के. ते केवळ कर्मचाऱ्यांच्या फेऱ्यांमुळे झाले, हा मात्र अंदाज. तो सबळ वाटतो. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ही सारी लक्षणे बायका वर्षानुवर्षे अंगावर काढत आल्या आहेत. घरातल्या माणसाशीही न बोलली जाणारी गोष्ट कोणीतरी दारात येऊन विचारली, याचा परिणाम होणारच. ते संभाषण मात्र या शोधनिबंधांत उतरलेले नाही. बाई काय म्हणाली, सासूने काय विचारले, कोणत्या शब्दांनी तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला, हे कोष्टकात मावत नाही.

एवढ्या तयारीवर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि प्रत्येकी १३ समूहांचे चार गट. कोणता समूह कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोडले होते. एका गटासाठी एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यासाठी पॅप स्मिअर, तिसऱ्यासाठी व्हीआयए. चौथा नियंत्रण गट. पहिल्या तीन गटांत प्रत्येक स्त्रीची तपासणी फक्त एकदा.

व्हीआयए ही यांतली सर्वांत साधी पद्धत. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावायचे. सुमारे मिनिटभर थांबायचे. मग चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग ठळक पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे मिळतो, प्रयोगशाळा लागत नाही. पण तो पांढरेपणा किती दाट, त्याची कड किती स्पष्ट, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर पसरतात आणि ती काच पेशीतज्ज्ञाकडे जाते. एचपीव्ही चाचणीत नमुना यंत्रात जातो आणि तिथे पाहणाऱ्याच्या अंदाजाला जागा उरत नाही.

या चाचणीचा पहिला अहवाल २००५ मध्ये आला, आणि तो २००९ च्या अहवालाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. संशयित ठरलेल्या स्त्रियांचे प्रमाण व्हीआयएमध्ये सुमारे १४ टक्के, एचपीव्हीमध्ये १०.३ आणि पॅपमध्ये ७ टक्के होते. त्यांची कोल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी) आणि बायॉप्सी करून कर्करोगापूर्वीच्या गंभीर विकृती किती सापडल्या, तर व्हीआयए ०.७, पॅप १.०, एचपीव्ही ०.९ टक्के. म्हणजे तिन्ही जवळपास सारख्याच. २००५ च्या वाचकाने सर्वांत स्वस्त पद्धत निवडा असा निष्कर्ष काढला असता, तर त्याला दोष देता आला नसता.

चार वर्षांनी मृत्यूंची नोंद हाती आली तेव्हा चित्र बदलले. नियंत्रण गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. पॅप गटात ५४ आणि व्हीआयए गटात ५६. शेवटच्या दोन गटांतली घट योगायोगाने झालेली नाही, असे म्हणता येईल एवढी मोठी नव्हती. विकृती सारख्या सापडल्या, मग जीव सारखे का वाचले नाहीत?

धागा ‘निर्दोष’ ठरलेल्या स्त्रियांमध्ये आहे. एचपीव्ही गटात २७,१९२ स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी झाली आणि २४,३८० जणींचा निकाल नकारात्मक आला. नकारात्मक निकालानंतरही पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण दर लाख व्यक्ती-वर्षांमागे एचपीव्ही गटात ३.७ होते, पॅप गटात १५.५, व्हीआयए गटात १६.०. ‘तुम्हाला काही नाही’ हा शब्द एचपीव्ही चाचणीने जवळजवळ नेहमी खरा केला. उरलेल्या दोन्ही पद्धतींच्या जाळीतून चारपट अधिक स्त्रिया निसटल्या. मुळात सापडलेल्या विकृतींच्या संख्येवरून पद्धतीची कसोटी लावणेच अपुरे होते. न सापडलेल्या किती, हे कळायला वर्षे जावी लागली. आणि ती वर्षे मोजणारी यंत्रणा १९८७ पासून बार्शीच्या परिसरात पाय रोवून होती. त्या पायपिटीशिवाय २००९ चा निष्कर्ष निघाला नसता, असे मी ठामपणे म्हणेन.

पण म्हणून व्हीआयए टाकाऊ ठरते का? इथे दोन विरोधी साक्षी आहेत. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यातल्या चाचणीत, तिचा अहवाल २००७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे, एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमध्ये सुरू केलेल्या चाचणीचा गर्भाशयमुखाविषयीचा अहवाल २०१४ मध्ये आला. तिथे दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि सुमारे चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया होत्या.

मुंबईचा निकाल उस्मानाबादशी जुळवता येतो. एका नजरेतून जे सुटते ते चार वेळा पाहिल्यावर सापडत असावे. हा तर्क आहे, पण सरळ आहे. दिंडिगुलमध्येही एकच फेरी होती, त्यामुळे तिथे हा तर्क चालत नाही. तपासणाऱ्यांचे प्रशिक्षण, त्यांच्यावरची देखरेख आणि तपासणीनंतरच्या उपचारांची तत्परता यांतल्या फरकाकडे संशयाची सुई वळते. सिद्ध म्हणता येईल असे त्यात काही नाही. एवढे मात्र दिसते की डोळ्यांवर चालणारी पद्धत डोळ्यांच्या सरावाइतकीच चांगली असते.

मुंबईच्याच चाचणीतली स्तनांच्या कर्करोगाची बाजू २०२१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. १,५१,५३८ स्त्रिया, वीस वर्षे. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले रुग्ण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. सर्व वयांत मिळून या कर्करोगाच्या मृत्यूंमधली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ती सुमारे ३० टक्के होती. मात्र हे विश्लेषण मागाहून केलेले आहे, म्हणून जपूनच वापरावे. लेखकांनी स्वतःच तशी नोंद केली आहे.

उस्मानाबादच्या नियंत्रण गटाबद्दल लिहिल्याशिवाय हे कागद मिटता येत नाहीत. त्या ६४ स्त्रियांवर नंतर बरीच चर्चा झाली. पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप घेतला गेला. देशात तेव्हा अशा तपासणीची नियमित व्यवस्था नव्हती, हे त्यावरचे उत्तर. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि उत्तराने आक्षेप मिटत नाही असे मला वाटते. त्या मृत्यूंमधून जे ज्ञान मिळाले ते वापरले जाणे, एवढी एकच भरपाई शक्य आहे.

ते वापरले गेले का? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए करण्याचा आराखडा जाहीर केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया किती, हा प्रश्न तीत होता. उत्तर : १.९ टक्के. आपल्या घरातली तीस ओलांडलेली बाई उरलेल्या ९८ मध्ये आहे का, हे वाचकाने तिला आजच विचारावे, आणि असेल तर तिच्याबरोबर जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे.