लोकस्थिती आणि प्रवासवृत्त : पंडिता रमाबाईंचे अमेरिकादर्शन

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले जाऊन १८८९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्याची दुसरी आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढली, ती १९९६ साली. मधल्या शंभरांहून अधिक वर्षांत प्रवासवर्णन हा मराठीतील एक लोकप्रिय आणि प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार होऊन बसला. मात्र त्याच्या इतिहासात या पुस्तकाला मिळाला तो केवळ नामनिर्देश. समाजसुधारणेच्या इतिहासकारांनी त्याचा उपयोग केला, धर्मांतराच्या वादात त्याच्या लेखिकेचे नाव वारंवार आले. परंतु एका परक्या समाजाच्या नित्य जीवनाचे मराठीत केलेले वर्णन म्हणून त्याची योग्यता काय, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

या उपेक्षेचे एक कारण उघड आहे. शारदा सदनातील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढ्यावरून पुण्यात वादळ उठले आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी संस्थेच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. त्यानंतर रमाबाईंचे कोणतेही लेखन निर्विकार मनाने वाचणे मराठी वाचकाला कठीण झाले. दुसरे कारण वाङ्मयीन आहे आणि ते अधिक विचारात घेण्याजोगे आहे. प्रवासवर्णन म्हणजे प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाचा विलास, ही कल्पना विसाव्या शतकात रूढ झाली. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) ही पुस्तके वाचक हाती घेतो ती देशाच्या माहितीसाठी तितकी नव्हे, जितकी लेखकाच्या सहवासासाठी. या कसोटीला रमाबाईंचे पुस्तक उतरत नाही. परंतु ही कसोटी त्या पुस्तकाची नव्हेच, आणि हे त्याच्या नावातच सांगितलेले आहे. तेथे 'लोकस्थिति' आधी येते. 'प्रवासवृत्त' मागून येते.

ग्रंथाची मांडणीही नावाशी प्रामाणिक आहे. आरंभी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतच्या सागरप्रवासाची हकीकत आहे. त्यानंतर प्रवासी मागे सरते आणि राज्यव्यवस्था, राहणी, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम असे विषय एकामागून एक येतात. अशी मांडणी पाश्चात्त्य वाङ्मयात अपरिचित नव्हती. तॉकव्हिल यांचा अमेरिकन लोकशाहीवरील ग्रंथ १८३५ साली आणि हॅरिएट मार्टिनो यांचा 'सोसायटी इन अमेरिका' १८३७ साली प्रसिद्ध झाला होता. परक्या लोकांचे आचार व रीतिभाती कशा न्याहाळाव्यात यावर मार्टिनोबाईंनी १८३८ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मात्र रमाबाईंच्या दृष्टीचे मूळ केवळ या परंपरेत शोधणे पुरेसे होणार नाही. ते घराजवळच शोधावे लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथे सह्याद्रीच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने मुलीला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांचा बळी घेतला. तरीही बहीणभावंडांची पायपीट थांबली नाही. १८७८ साली रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. प्रवास हा त्यांच्या लेखी हौसेचा विषय कधीच नव्हता. तो निर्वाहाचा मार्ग होता. परमुलखात जो पुराणिक दक्षिणेवर जगतो, त्याला यजमानाच्या घरची रीत अचूक ओळखावी लागते. कोण कधी जेवतो, घरात शब्द कोणाचा चालतो, दान कोणत्या हाताने सुटते, हे त्याला पाहता आले नाही तर त्याची उपासमार होते. लोकरीतीचे निरीक्षण ही त्याची विद्या नसून गरज असते.

याच दशकात लिहिल्या गेलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाशी येथे तुलना सुचते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिला; चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये छापला. गोडसे भटजी आणि रमाबाई यांच्या विचारांत दोन ध्रुवांचे अंतर आहे. तथापि दोघांचे संस्कार भिक्षुकीचे, आणि दोघांचेही लक्ष घरांकडे, जेवणाकडे, कपड्यांकडे, विधींकडे सारखेच जाते. गोडसे भटजींना मराठी वाचकाने डोक्यावर घेतले, कारण त्यांच्या निरीक्षणाच्या पाठीशी झाशीचे महानाट्य उभे होते. रमाबाईंच्या पाठीशी असे नाट्य नव्हते. होते ते एका समाजाचे साधे, चालू जीवन.

रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तो झाला. मुक्काम मात्र लांबत जाऊन जवळजवळ तीन वर्षांचा झाला. त्या मुदतीत १८८७ साली त्यांनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित विधवागृहाला दहा वर्षे साहाय्य करण्याचे पत्करले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पहिल्यात हिंदू घरातील स्त्रीचे जिणे अमेरिकनांना सांगितले आहे. दुसऱ्यात अमेरिकन घर मराठी माणसांना सांगितले आहे. भाषा बदलली, श्रोते बदलले. मोजमाप एकच राहिले. त्या समाजात स्त्रीला शिकता येते काय, मिळविता येते काय, संघटित होऊन बोलता येते काय, या प्रश्नांवर दोन्ही समाजांची परीक्षा झाली.

येथे एक शंका उपस्थित होते. ज्यांच्या द्रव्यावर संस्था उभी राहावयाची, त्यांच्या चालीरीतींविषयी ही लेखिका निःस्पृहपणे लिहू शकली काय? शंका निराधार नाही. रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका ही पुष्कळ अंशी त्यांच्या यजमानांची अमेरिका आहे: सुशिक्षित, धर्मनिष्ठ, सुधारणावादी, मद्यपानविरोधी चळवळीत रमलेली. कारखान्यातील मजूर स्त्रीच्या किंवा गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कुटुंबाच्या नित्यक्रमाला त्या मानाने जागा थोडी मिळाली. दक्षिणा देणाऱ्याचे घर उजळ दिसावे, ही पुराणिकाच्या दृष्टीची जुनी मर्यादा येथेही आहे. परंतु ती दृष्टी सर्वस्वी मिंधी नव्हती. वर्णद्वेषाचा कलंक त्यांनी झाकला नाही. स्वतःच्या आचारातही त्या यजमानांना वश झाल्या नाहीत; धर्म बदलूनही परदेशात त्यांनी शाकाहार सोडला नाही. ज्याने आपले ताट बदलले नाही, त्याला दुसऱ्याचे ताट न्याहाळण्याइतके अंतर राहते.

हे पुस्तक पुन्हा चर्चेत आले ते अनुवादामुळे. २००३ साली त्याचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले, एक मीरा कोसंबी यांचा आणि दुसरा क्षितिजा गोम्स यांचा. एकीने 'लोकस्थिति'साठी 'पीपल्स' म्हटले, दुसरीने 'कंडिशन्स ऑफ लाइफ'. एकीच्या हाती 'लोक' लागले, दुसरीच्या हाती 'स्थिती'. यात उणेपणा कोणाचाही नाही. मूळ समासच असा आहे की त्यातील एक पद उचलले की दुसरे हातचे सुटते. स्थिती लोकांपासून वेगळी नाही, लोक स्थितीवाचून दिसत नाहीत, आणि ही स्थिती माणसांनी घडविलेली असल्याने माणसांना ती पालटता येते, एवढा अर्थ त्या एका शब्दात रमाबाईंनी भरला. अमेरिकेतील स्त्रियांची स्थिती अर्धशतकात कशी बदलली, हे सांगण्यामागे हाच हेतू होता. वाचकाने नवल करून पुस्तक मिटावे, अशी अपेक्षा तेथे नव्हती. पुस्तक निघाले त्याच वर्षी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली त्या ११ मार्चला, मुंबईत शारदा सदन उघडले होते. लोकस्थितीच्या अभ्यासाचे ते दुसरे प्रकरणच म्हणावयाचे.

मराठी प्रवासवर्णनाने पुढे प्रवाशाला मध्यभागी बसविले आणि त्यातून काही अतिशय रम्य पुस्तके निपजली, हे निर्विवाद आहे. त्या मार्गाने जाताना एक गोष्ट मात्र वाटेत राहून गेली. परक्या घराच्या उंबऱ्याशी उभे राहून आतील व्यवहार समजून घेणे आणि त्याच्या उजेडात आपल्या घराची वासेपणती करणे, हा प्रवासाचा जुना उपयोग मागे पडला. 'लोकस्थिति' हा शब्द प्रवासवर्णनांच्या नावांतून जवळजवळ लोपला. त्या शब्दाबरोबर काय गमावले, याचा हिशेब वाङ्मयेतिहासाने मांडावयाचा आहे, आणि तो मांडण्यासाठी रमाबाईंचे पुस्तक सुधारणेच्या कपाटातून काढून प्रवासवर्णनांच्या पहिल्या ओळीत ठेवावे लागेल.